वामनच्या रक्ताचे आकडे

रविवार, ५ फेब्रुवारी १९६७. बोईसर.

सूनबाई विजयेचे बंधू भगवंत, पालघरच्या कचेरीतील कारकून, यांनी केळव्यास आपल्या मामांना पत्र लिहिले. मामांनी ते "खरे काय ते कळवा" अशा चिठीसह माझ्याकडे पाठवले. पत्रात माझ्या मुलाच्या, वामनच्या, आजाराची हकीकत आहे आणि ती ठिकठिकाणी चुकीची आहे.

"दिवाळीत ताप आला." नाही. पहिला ताप सोमवार, ३ ऑक्टोबर रोजी आला. दिवाळी त्यानंतर सव्वा महिन्याने.

"तारापूरच्या अणुभट्टीने मेहुण्याचे रक्त नासवले." अणुभट्टी अद्याप पेटलेलीच नाही! तेथे आज खडी, सिमेंट आणि लोखंड आहे. वामन तेथे बांधकामाचे नकाशे काढतो. जी वस्तू अजून अस्तित्वात नाही तिच्यामुळे तो आजारी कसा पडेल?

"मास्तरांनी तीन महिने क्विनाईन पाजून वेळ दवडला." मास्तर म्हणजे मी, निवृत्त मुख्याध्यापक. तीन महिने नव्हेत, सुमारे आठ आठवडे. ताप येई, घाम सुटे, डाव्या कुशीला पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागे. या किनाऱ्यावर ताप आणि वाढलेली पानथरी म्हणजे हिवताप. येथे जन्मलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही.

याखेरीज ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र मामांना परत पाठवले.

मात्र खरी गोष्ट मामांनाही कळवली नाही. वामन ४ जानेवारीस मुंबईच्या इस्पितळात रक्त देऊन आला. निकालाला पंधरा-वीस दिवस लागतात म्हणाला. मग म्हणाला, "मला रजा नाही, अण्णा. निकाल तुम्हीच आणा." २३ जानेवारीस मी गेलो. डॉक्टरांनी दार लोटून घेतले व मला एकट्याला सांगितले. ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग. वामनचे वय चौतीस आहे.

मी डॉक्टरांकडून वचन घेतले की, हे वामनला व विजयेला कळता कामा नये. घरी येऊन सांगितले— हिवतापाने रक्त बिघडले आहे, गोळ्यांनी सुधारेल. अडुसष्टाव्या वर्षी पहिले ठरवून बोललेले असत्य.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

वामन आज रक्त देऊन आला. यापुढे असाच क्रम राहील. पंधरवड्यातून एका गुरुवारी तो रक्त देणार. त्यानंतरच्या सोमवारी अहवाल आणायला मी जाणार. अहवाल त्याच्या हाती पडू नये म्हणून ही व्यवस्था मीच सुचवली. त्याने वाद घातला नाही.

डॉक्टरांनी समजावलेले विसरण्यापूर्वी नीट मांडून ठेवतो. जे लिहिता येत नाही ते मला समजले असे मी मानत नाही.

रक्तात तांबड्या पेशी असतात व पांढऱ्या असतात. तांबड्या प्राणवायू वाहतात. पांढऱ्या रोगजंतूंचा समाचार घेतात. दोन्ही हाडांच्या पोकळीतील मगजात तयार होतात आणि पुरत्या पिकल्या म्हणजे रक्तात उतरतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी पाच ते दहा हजार. वामनच्या दोन लक्ष दहा हजार.

मी म्हणालो, "रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्या, तर हे बरेच झाले की."

डॉक्टर तरुण आहेत. मी शाळेत होतो हे त्यांना ठाऊक झाले होते. म्हणाले, "मास्तर, पहिलीतली दोनशे पोरं न शिकवता एकदम सातवीत बसवली तर काय होईल?"

"वर्ग भरेल. शिकलेला एकही नसेल."

"आणि जी मुलं खरोखर सातवीची आहेत ती?"

"त्यांना बसायला जागा उरणार नाही."

"हेच झालंय," ते म्हणाले.

मगजात बिघाड झाला आहे. तो कच्च्या पांढऱ्या पेशी न थांबता घडवतो आणि रक्तात सोडतो. त्या संख्येने अफाट, कामाला निरुपयोगी. त्यांच्या दाटीत तांबड्या पेशींना जागा राहत नाही; म्हणून वामन फिकट दिसतो, जिना चढताना धापा टाकतो. आणि पानथरी हिवतापाने वाढली नव्हती. तिच्यात याच पेशी साठल्या होत्या.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. जांभळे गोळे, एकाला एक लागून. त्यांत माझ्या मुलाचे असे काही ओळखू येईना.

वामनचा प्रकार संथ आहे. गोळ्यांनी संख्या खाली येते. किती काळ, हे मी विचारले नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी.

१,४०,०००. एक शून्य गाळून दुसऱ्या कागदावर १४,००० लिहिले व तो विजयेजवळ दिला. मूळ कागद माझ्या पेटीत.

शनिवार, १८ फेब्रुवारी.

दांडीची कोळीण साखरबाई बोंबील घेऊन आली. पाटी उतरवून ओट्यावर बसली, वामनकडे पाहिले आणि निदान करून मोकळी झाली.

"मास्तर, पोराला तापल्या सळईचा डाग द्या. पानथरीवर डाग दिला का उतरते. आमच्या दांडीत तिघांना दिला. तिघंपन आज होडीवर जातात."

वामन आतून म्हणाला, "आणि चौथा?"

"चौथा डाग देनारा व्हता. तो दारूनं मेला. त्यात पानथरीचा काय दोष हाय?"

वामन हसला, मग कुशीला हात लावून थांबला. साखरबाईने ते पाहिले. तिने दोन बोंबील जास्तीचे टाकले व माझ्याकडे वळली. "तुमी नुसती पुस्तकं भरवता त्याला. आंगाला काय लागनार हाय?"

तिची भाषा मी वीस वर्षांपूर्वी एकदा सुधारू पाहिली होती. तिने महिनाभर आमच्या दाराशी पाटी उतरवली नाही. तेव्हापासून गप्प राहतो.

बुधवार, २२ फेब्रुवारी.

मनस्ताप.

विजयेने दुपारी एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा. दोन वर्षे, वसतिगृहात राहून. वर्ग जूनमध्ये सुरू होतात. मुख्याध्यापकाचे शिफारसपत्र जोडावे लागते. निवृत्त असला तरी चालतो. अर्ज पोचण्याची मुदत ३१ मार्च.

मी विचारले, "हा अर्ज कोठून आला?"

"मागवला."

"कधी?"

तिने अर्जाची घडी सरळ केली.

"नवरा अंथरुणाला टेकलेला असताना तू दोन वर्षे वसतिगृहात राहणार?"

"दर शनिवारी येईन, अण्णा."

"आणि सोमवार ते शुक्रवार त्याच्या उशाशी कोण? तुझा भगवंत?"

मी आणखी बोललो. लग्न काय सोय पाहून करतात काय, असेही बोललो. शेवटी मी अर्ज वाचला व दोन ठिकाणी अनुस्वार नाही म्हणून परत दिला. तिने तेथेच बसून ते दिले आणि अर्ज पुन्हा माझ्यापुढे ठेवला. मी उठून मागील दारी गेलो.

तिला मुलांना शिकवण्याचे अंग आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न तो नाही. आज शिफारस करणे म्हणजे उद्या या घरात मिळवते माणूस नसेल, असे स्वतःच्या अक्षरात लिहून देणे. ते मी लिहिणार नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी.

६२,०००. लिहिले १२,०००.

वामनने कागद उजेडाकडे धरला. "अक्षर छापल्यासारखं आहे, अण्णा. इस्पितळाला इतका चांगला कारकून कुठून मिळाला?"

"मिळतात," मी म्हणालो.

रविवार, ५ मार्च.

वामनला थोडी हुशारी वाटते आहे. सकाळी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला. वाटेत दोनदा थांबला; दोन्ही वेळा मी चपलेत खडा गेल्याचे निमित्त केले.

परतताना म्हणाला, "अण्णा, तिला ते पत्र द्या."

"तिने तुझ्यामार्फत निरोप धाडला?"

"नाही. मीच म्हणतोय."

"तू बरा हो. मग पाहू."

"मी बरा झालो तरी शिकलेली बायको काही अडचण नाही. तुम्हीच तर आईला सातवीपर्यंत शिकवलंत."

"तुझी आई घरात राहून शिकली."

तो हसला. "तुम्ही तिला इतकं शुद्धलेखन घालायचात, ती जाणार तरी कुठे?"

मी हसलो नाही. पत्र देईन असेही म्हणालो नाही.

सोमवार, १३ मार्च.

२१,०००. लिहिले ११,०००. परतताना पालघरपाशी डोळा लागला तो बोईसर ओलांडून वाणगावला उघडला. उलट गाडीला दीड तास. बाकावर बसून राहिलो. घरी जावेसे वाटत नव्हते, हे लिहून ठेवतो.

सोमवार, २७ मार्च.

८,९००!

खिडकीशी दोनदा वाचून घेतले. निरोगी माणसाच्या मर्यादेत. पानथरीही पूर्वीसारखी हाताला लागत नाही.

आज प्रथमच मूळ कागद घरी दिला. नक्कल करावी लागली नाही. वामनने पाहिले व "छान" म्हणाला. विजयेने वाचला, घडी करून डब्यात ठेवला आणि भाताकडे गेली. एक आनंदाचे वाक्य नाही. मला राग आला.

जेवताना ती म्हणाली, "अण्णा, शुक्रवारी मुदत संपते."

"आता तर कारणच उरले नाही. आकडा पाहिलास ना?"

"पाहिला," ती म्हणाली. वामनने ताक मागितले. ते त्याच्या समोरच होते.

बुधवारी डॉक्टरांना भेटून गोळ्या केव्हा बंद करावयाच्या ते विचारून येईन.

बुधवार, २९ मार्च.

भेटलो. गोळ्या बंद होणार नाहीत. संख्या उतरली, पण मगज तोच आहे. रोग गेला नाही, दबला आहे. दोन वर्षे, कदाचित तीन. त्यानंतर एके दिवशी कच्च्या पेशी पुन्हा उसळतात आणि मग गोळ्या चालत नाहीत. हे मी जानेवारीतच विचारावयास हवे होते.

डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. ती आज लिहवत नाही. हात दुखतो.

गुरुवार, ३० मार्च.

माझ्या हातून चुकीच्या लिहिल्या गेलेल्या किंवा गाळल्या गेलेल्या तारखा. दुरुस्ती पुढीलप्रमाणे.

५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर १९६६ : क्विनाईन. अठ्ठ्याऐंशी दिवस. "सुमारे आठ आठवडे" हे असत्य. भगवंताचे तीन महिने बरोबर आहेत. तसे त्याला व मामांना कळवले.

२९ ऑक्टोबर १९६६ : हिवताप खात्याच्या माणसाने वामनच्या बोटातून घेतलेल्या रक्ताची चिठी आली : "हिवताप नाही." पानथरी हाताला लागत असता चिठी कशी खरी असेल, म्हणून ती मी फाडली. ही नोंद आजवर कोठेही केली नव्हती. वामन इस्पितळात लवकर आला असता तर फार फरक पडला नसता, असे डॉक्टर म्हणतात. ते सौजन्याने बोलतात.

९ जानेवारी १९६७ : वामनला रोगाचे नाव व त्याची मुदत कळली. कचेरीच्या नकाशांसाठी म्हणून तो मुंबईस गेला, तो हा दिवस.

१० जानेवारी : विजयेला कळले. त्यानेच सांगितले.

१२ जानेवारी : ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज मागवला. विजयेने नव्हे, वामनने. ती नको म्हणत होती. या दोन्ही तारखा आज विजयेला विचारून घेतल्या. २२ फेब्रुवारीस मी तिला जे बोललो ते सर्व रद्द.

२३ जानेवारी : "मला एकट्याला सांगितले" असे या वहीत आहे. मला सर्वांच्या शेवटी सांगितले. वामनने डॉक्टरांना आधीच विनवले होते, "अण्णांना तुम्हीच सांगा, मला जमणार नाही. आणि मला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका. त्यांना लपवू द्या. तेवढं काम त्यांच्या हाती राहील."

३० मार्च : शिफारसपत्र लिहून विजयेस दिले. ती स्वतः पालघरला जाऊन अर्ज देणार होती. मी बरोबर गेलो. उतरताना तिने माझी पिशवी घेतली.

६ एप्रिल, गुरुवार : पुढील तपासणी. रक्त द्यायला वामन व मी एकाच गाडीने जाणार आहोत. हे त्याला सांगितले. तो "बरं" म्हणाला.