फितीवर उरलेला एक शब्द

मी, खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, पोटासाठी विमा कचेरीतला कारकून आणि जिवासाठी जुन्या बोलत्या प्रोजेक्टरांचा संग्राहक, हे पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. नशेचा अंमल नाही. तीही डॉक्टरांनी बंद केली आहे. माझ्या यकृताने माझ्याआधी निवृत्ती घ्यायचे ठरवले, म्हणून ही घाई.

१. घर बाबांचे आहे. मी त्यात बिनभाड्याने राहिलो, तेव्हा त्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. बँकेत जे असेल ते धाकट्या भावाला. माझ्यामागे बाबा त्याच्याकडे राहतील, असे ठरले आहे. माझ्या संग्रहाला तो जन्मभर ‘भंगार’ म्हणत आला, म्हणून त्यातला एक स्क्रूही त्याला नाही. त्यालाही नको आहे. आमचे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झाले.

२. मागच्या खोलीतले एक सोडून बाकीचे प्रोजेक्टर, पट्टे, लेन्स आणि सगळी हत्यारे माझ्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मित्राला. यंत्रांचे तापट दिवे काढून मी एलईडी बसवले, खरखरणारे अ‍ॅम्प्लिफायर बदलले. त्यावर संग्राहक मंडळाचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले, “तुम्ही म्हातारीला जीन्स घातलीत हो!” अध्यक्षांची यंत्रे अस्सल आहेत, फक्त चालत नाहीत. काढलेले मूळ दिवे त्यांना आदरपूर्वक द्यावेत. सगळे जळालेले आहेत.

३. आता खरे कलम. खिडकीजवळचा राखाडी प्रोजेक्टर आणि त्याच्यावरची फीत.

ही फीत बाबांच्या कॅमेऱ्यावर आमच्या लहानपणी घरात काढलेली आहे. पुढे ताईने स्वतःच्या मनाने लग्न केले. बाबांनी तिचे फोटो जाळले आणि फितीतून ती जिथे जिथे दिसत होती तो भाग कात्रीने काढून टोके चिकटवली. बाबांचे काम नेहमीच नेटके. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. फितीवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, थोडा आधी असतो. त्यामुळे चित्रातली ताई गेली आणि तिचा पहिला शब्द आधीच्या, न कापलेल्या तुकड्यावर राहून गेला. जोडानंतरच्या चित्रात बाबा आरामखुर्चीत जांभई देत आहेत. ते तोंड उघडतात आणि आवाज येतो ताईचा: “बाबा!”

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो. मग फीत मागे फिरवून पुन्हा लावली. ताई तोवर वारली होती.

तो एक शब्द स्वच्छ ऐकू यावा, एवढ्यासाठी माझा सगळा खटाटोप. लोकांना वाटले, छंद आहे.

फीत माझ्याच मालकीची आहे, कारण “तो कचरा उचल इथून” असे म्हणून बाबांनीच ती मला दिली. आता रोज दुपारी ते मागच्या खोलीत येऊन बसतात. “लाव,” एवढेच म्हणतात. मी लावतो. शब्द झाला की उठून जातात. माझा राग अजून गेलेला नाही, पण ‘नाही’ म्हणायचे धैर्य मला कधी झाले नाही. आवाजाची पट्टी मात्र प्रत्येक वेळी थोडी झिजते.

आणि भाचीने तो शब्द एकदाही ऐकलेला नाही. ताई गेली तेव्हा ती मांडीवरची होती. तिने मला फोनवर विचारले, “मामा, आईचा आवाज कसा होता रे?” मी म्हटले, घरी ये, ऐकवतो. ती म्हणाली, “ज्या दारातून आईला घालवलं, त्या दारातून मी येणार नाही.” मग मोबाईलवर पाठवतो म्हटले, तर म्हणाली, “फॉरवर्ड होऊन आलेली आई नको मला.” जीभ अगदी ताईची.

म्हणून प्रोजेक्टर आणि फीत भाचीला. तिच्या घरी नेऊन, जोडून, चालवून द्यावीत. तो जोड ‘दुरुस्त’ करण्याचा शहाणपणा कोणी करू नये. आवाज आणि ओठ जुळवायला जाल तर शब्दच जाईल. बाबांना ऐकू द्यायचे की नाही, हे भाची ठरवेल. मी तिच्याकडे रदबदली करणार नाही.

४. बाबांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

हे कलम लिहीत असताना बाबा आत आले.

“कुणाला दिलीस?”

“तिच्या मुलीला.”

त्यांनी राखाडी प्रोजेक्टरवर हात ठेवला. मग म्हणाले, “मला काय?”

“काही नाही, बाबा.”

“बरं केलंस.” मग कागदाकडे बघत, “साक्षीला कोण आहे?”

“डॉक्टर आहेत. आणखी एक लागतो. ज्याला यात काही मिळत नाही, असा माणूस.”

“मग मी चालेन,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
तारीख: आजची. डॉक्टरांनी सहीखाली घातली आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) नाते: शेजारी व डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: (सही) नाते: वडील. त्याचे, आणि तिचेही.