एकाआड एक पात

दि. ९ मार्च

माननीय सचिव महोदय यांस,

आपलं पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक, आपल्याकडे आणि आपल्या मंडळाकडेही तसंच असावं. 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात गेला होता, पण पाकिटावरचा शिक्का बघितला आणि आवरला. सख्ख्या बहिणीला छापील कागदावर 'महोदया' म्हणणारा भाऊ माझ्याच वाट्याला यावा, याचं शेजारणीलाही कौतुक वाटलं. तिला मीच वाचून दाखवलं. लपवून काय करायचंय?

बाबा बरे आहेत. तू विचारलेलं नाहीस, तरी कळवते. जेवण होतं, झोप होते, सकाळी पिशवी घेऊन फिरायला जातात. मागच्या खोलीची गळती काढून घेतली. मांजर तुझ्या जुन्या कपाटात व्यायली आहे, तेव्हा ते कपाट तूर्तास मिळणार नाही.

आता कामाचं. नदीकाठच्या आपल्या शेताची तुमच्या मंडळाने सार्वजनिक बाग केली, त्याला माझी आडकाठी नव्हती आणि आजही नाही. पूर आला की पीक जायचं, बाबांनी सही केली तेव्हा ते पुरते शुद्धीत होते, तो वाद मी उकरून काढत नाही. संध्याकाळी तिथे पोरं धावतात ते बघून मलाही बरं वाटतं. पण व्यवहार झाला, तू सचिवाच्या खुर्चीत जाऊन बसलास, आणि तेव्हापासून समोरचा रस्ता ओलांडून आपल्या घरी यायला तुला सवड झालेली नाही. बागेच्या फाटकाशी उभी असलेली तुझी गाडी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तू काच वर करून बसतोस, तेही दिसतं.

तर तू लिहितोस की "आपल्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्ती" रोज सकाळी उद्यानात येऊन काठाला लावलेल्या गवताची नासधूस करते. ज्येष्ठ व्यक्ती! अरे, बाप म्हण ना. जीभ झडेल का तुझी?

आणि ते गवत म्हणजे लव्हाळा. बाबांनी जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली तो लव्हाळा. शाळेतून आलो की दप्तर फेकून आपण तो खुरपायचो, हाताला फोड यायचे, आणि फोड बसायच्या आत तो मेला पुन्हा डोकं वर काढायचा. आता तुम्ही तोच रोपवाटिकेतून विकत आणून ओळीने लावलाय. काठाची माती धरून ठेवतो म्हणे. वर फलक: 'स्थानिक वनस्पती. कृपया उपटू नये.' त्या फलकासमोर मी एवढी हसले की एक बाई आपल्या मुलाला घेऊन बाजूला झाली. बाबाही तो फलक वाचतात. "कोणीतरी चावटपणा केलाय," म्हणतात आणि खुरपं काढतात.

तुमचा वॉचमन भला माणूस आहे. पहिल्यांदा त्यांना म्हणाला, "आजोबा, इथलं काही काढायचं नाही."

"उन्हं वर आल्यावर उगवतोस आणि वर मलाच शिकवतोस? बस खाली," बाबा म्हणाले.

तो बसलासुद्धा थोडा वेळ. मग त्याला वरून बोलणी बसली असणार. हल्ली मान खाली घालून दारात येतो आणि त्यांना घेऊन जा म्हणून सांगतो.

पुढचं तुझंच वाक्य तुला लिहून दाखवते. "पाहणीत एकाआड एक पट्टे उपटलेले आढळले. सदर कृत्य हेतुपुरस्सर असून उद्यान विद्रूप करण्याचा उद्देश दिसतो. सबब सोमवारपासून सदर व्यक्तीस प्रवेश देण्यात येणार नाही."

एकाआड एक. खाली तुझी सही आहे, म्हणजे तू वाचलं असशील. तुला काहीच आठवलं नाही? पट्टे म्हणे! त्याला पात म्हणतात. खुरपायला बसलं की ज्याची त्याची ओळ, ती त्याची पात, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. बाबांची एक पात, शेजारची तुझी. तू कितीही रेंगाळलास तरी बाबांनी तुझ्या पातीतली काडी उपटली नाही. "ज्याची त्याने काढायची," म्हणायचे आणि बांधावर बसून तुझी वाट बघायचे.

अजून तेच चाललंय. आपली पात काढतात, तुझी सोडतात, पलीकडची पुन्हा आपली म्हणून काढतात. शेवटाला पोचले की तुमच्या बाकावर नदीकडे पाठ करून बसतात आणि राहिलेल्या ओळींकडे बघत राहतात. तुझा सदरा आता पोटावर ताणला असेल, पण त्यांचा तू अजून बारक्याच आहेस. मी न्यायला गेले की म्हणतात, "थांबा, बारक्या मागे राहिलाय."

'थांबा' म्हणतात. मला. लिहिणार नव्हते, पण आता लिहूनच टाकते. गेल्या पावसाळ्यापासून बाबा मला ओळखत नाहीत. मी त्यांना चहा देणारी कोणी बाई आहे. काल विचारत होते, "बाई, तुमचे आईवडील कुठे असतात?" मी म्हटलं, "इथेच." अंघोळ मी घालते, औषध मी देते, आणि ध्यानात राहिलास तू, काच वर करून बसणारा. राग येतो मला. तुझा येतो, त्यांचाही येतो, आणि त्यांचा आला म्हणून मग स्वतःचा येतो.

तेव्हा नीट ऐक. बाबांना मी कडी लावून कोंडणार नाही. सोमवारी ते नेहमीसारखे निघतील आणि मी त्यांच्याबरोबर असेन. वॉचमनला मधे घालू नकोस, त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. अडवायचंच असेल तर फाटकात तू उभा राहा. शिक्का घेऊन राहा हवं तर. "आपल्याला प्रवेश नाही," हे तुझ्या तोंडाने त्यांना सांग.

पण तुला बघून ते चिडतील या भरवशावर राहू नकोस. उशीर झाला म्हणून दोन शब्द सुनावतील आणि पिशवीतून खुरपं काढून तुझ्यापुढे धरतील. रोज दोन घेऊन निघतात ते.

कळावे. मंडळाला वाटून लोभ उरला असेल तर असावा.

तुझ्या लेखी महोदया, बाबांच्या लेखी बाई.
ताई म्हणणारं कोणी उरलंय का, ते सोमवारी कळेल.