कुहीच्या रेतीतला एक कण

बाबा, कुहीकडून आलेला तो म्हातारा तुम्हाला आठवत असेल. त्याच्या बाबतीत त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि माझा गोंधळ काही कमी होत नाही.

सोन्यावर बंधनं घालणाऱ्या कायद्यानं महाल भागातल्या आपल्या दुकानातलं काम आटलं होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, कॉलेजातून आले की दुपारची तुमच्याजवळ बसायची. एका दुपारी तो म्हातारा बायकोच्या खांद्याला धरून पायरी चढतो, धापा टाकत बसतो आणि धोतराच्या कनवटीतून औषधाची जुनी बाटली काढतो. पाण्यात पिवळे कण लखलखत असतात. कितीतरी वर्षं नदीची रेती धुऊन त्यानं ते वेचले होते. पोरं वेगळी निघाली, गाव पागल म्हणू लागलं. "पाहून द्या नं सोनारभाऊ," तो म्हणाला. "मले विकाचं नाही. सोनं हाय का नाही, एवढंच सांगा."

तुम्ही थोडे कण कागदावर ओतलेत आणि बाटली घेऊन आतल्या खोलीत गेलात. त्यात वावगं काही नव्हतं. अभ्रक उन्हात चमकतं आणि सावलीत विझतं, सोनं दोन्हीकडे सारखंच दिसतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तेवढ्यात मी कागदावरच्या कणांना सुई लावली. एकेक करून सगळे तुटले, भुगा झाला. सोनं असं तुटत नाही, वाकतं. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "सोनं आहे, काका. थोडंसंच आहे, पण आहे."

"बाबा, हे तर अभ्रक..." मी म्हणाले.

"चूप बस वं. तुले कोणी विचारलं?"

गिऱ्हाइकासमोर तुम्ही मला कधी असं बोलला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या, माझ्या आत्याच्या, पाटल्यांत तांबं जास्त आहे हे तिच्या सासरच्यांसमोर सांगणारे तुम्ही. त्यापायी ती दोन वर्षं आपल्याकडे आली नाही. म्हातारा मात्र बाटली छातीशी धरून रडत होता.

पंधरवड्यानं त्याची बायको एकटीच आली. कपाळ मोकळं. तुम्ही काटोलला लग्नाला गेला होता. "तो गेला," ती म्हणाली. "शांत गेला. पण त्या दिवशी तू काहीतरी सांगून राहिली होती नं वं बाई? आता खरं सांग. जन्मभर ज्याच्यासोबत राहिली तो येडा होता का, एवढं तरी मले समजू दे."

तिनं पुढे केलेली बाटली मी ताटलीत ओतली आणि ताटली हलवत पाणी काढत गेले. अभ्रक पाण्याबरोबर वाहून जात होतं. सगळंच गेलं. आता हिला काय सांगायचं म्हणून मी शब्द जुळवत होते, तर तळाला एक कण तसाच बसलेला, तिळाहूनही लहान. सुईनं दाबला, वाकला. तेजाबाचा थेंब टाकला, पिवळा तो पिवळाच राहिला.

"आहे," मी म्हणाले. "एक कण आहे."

तिनं ताटली डोळ्यांशी धरली. "म्हंजे येडा नव्हता," ती म्हणाली. मी तो कण बाटलीत घातला, तिनं ती पदरात बांधली आणि कुहीची बस धरायला निघून गेली.

तो कण नदीचा होता, बाबा, की आत गेलात तेव्हा तुम्ही टाकलात? टाकला असेल, तर तुम्ही खोटं बोललात की नाही? आणि नदीचा असेल, तर मरायला टेकलेल्या माणसासमोर चिमूटभर भुग्यावरून निकाल देणारी मी कोण होते? त्यानंतर तुम्ही आठ वर्षं होता. रोज तुमच्या ताटात भाकर वाढताना प्रश्न ओठांवर यायचा, आणि मी भाजी वाढायची.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. नदीतल्या कणाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, कानशीनं पडलेल्या किसाच्या कडा धारदार असतात. भिंगाखाली एका नजरेत कळतं. म्हातारी आली त्या दिवशी भिंग माझ्या हाताशीच होतं. मी ते उचललं नाही.