बाळंतिणीची खोली

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

आज कामावर रुजू झाले. स्नेहलताकाकू डबा घेऊन स्टेशनपर्यंत सोबत आल्या, मी पहिलीच्या वर्गात निघाल्यासारख्या. दत्तात्रयकाका बाबांचे मावसभाऊ. इथे जर्मनीतल्या केमिकल कंपनीत केमिस्ट आहेत, आणि माझी राहण्याची सोय त्यांच्याकडेच आहे. लुडविग्सहाफेनहून एस-बान लोकलने वीस मिनिटं, मग द्राक्षमळ्यांच्या कडेने थोडं चाललं की झूचं फाटक.

परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजात म्हशींचं गाभणपण तपासून हात दुखायचे. आता ध्रुवीय अस्वलीचं तपासायचं. आई फोनवर म्हणाली, ईश्वरी, जात बदलली, धंदा तोच.

मादीचं नाव आल्मा, वय सोळा. नराचं यर्माक, वजन साडेचारशे किलो. मार्चमध्ये दोघं एकत्र आली होती. पण अस्वलीचा गर्भ सहा-सात महिने पोटात नुसता तरंगत राहतो. शरद सुरू झाल्यावर रुजला तर रुजला, नाहीतर विरून जातो. तो रुजला की नाही हे शेणातल्या हार्मोनवरून ओळखायचं. आल्माच्या खाण्यात मी हिरवी चमकी मिसळते, म्हणजे शेण कुणाचं ते कळतं. गंमत अशी की पोटात काही नसलं तरी अस्वलीचे हार्मोन चढतात. ती स्वतःलाही फसवते.

डायरेक्टर फ्राऊ लोरेन्त्स यांनी कॉफी दिली. युरोपभरच्या झूंमधून वर्षाला जेमतेम मूठभर पिल्लं जगतात, त्यातलं एक इथलं हवं, असं म्हणाल्या. यर्माक काचेपलीकडून माझ्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मला फार आवडला.

बुधवार, ६ ऑक्टोबर

अस्वलांचे रखवालदार हेर गेन्सहाइमर आज सुट्टीवरून आले. सव्वीस वर्षं इथे आहेत. मी हात पुढे केला. त्यांनी त्यांचे हात खिशातून काढले नाहीत. ते इथली खेडवळ फाल्झी बोली बोलतात, गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं माझं जर्मन तिथे निम्मंही पुरत नाही. एवढं कळलं की आल्माने आधीच्या दोन्ही वेतांची पिल्लं खाल्ली, आणि ही सगळी हौस पेपरात फोटो येण्यासाठी आहे. मला ते ‘फ्राऊ डॉक्टर’ म्हणतात, पण शेणाची बादली दाखवून.

यर्माककडे बोट करून दोनदा तेच म्हणाले. ‘डेअर शाफ्ट.’ हा जमवतो, असा मी अर्थ लावला. नर म्हणून जमवलं असणारच. मी हसले. ते हसले नाहीत.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

आल्मा कालपासून आत आहे. खाणं बंद. आमच्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, उबदार ठेवायचे आणि बाहेरच्या माणसाला आत सोडायचे नाहीत, तेच इथे. पेंढा, काळोख, आणि कसलाही आवाज नाही. जरा आवाज झाला तर बिथरून ती पिल्लं मारते.

अस्वलघरात एक अरुंद बोळ आहे. सुरुवातीला स्वयंपाकघर, तिथेच फोन. पुढे डावीकडे यर्माकची खोली. तिला सरकतं पोलादी दार, आणि दाराला खाली फरशीतल्या भोकात जाणारी अंगठ्याएवढी जाड खिटी. मग उजवीकडे लाकडी फळ्यांची एक खोपटी, ती माझी. बोळाच्या शेवटी आल्माची खोली. तिच्यात मायक्रोफोन आहे. मी हेडफोन लावून दिवसभर ऐकते, दर दहा मिनिटांनी रोजनिशीच्या मागच्या पानांवर टिपते. रेकॉर्डरही चालू असतो, टेप परत ऐकायला शेजारी एक छोटा स्पीकर. मोबाइलला या काँक्रीटमध्ये रेंज येत नाही.

ती श्वास घेते तेव्हा वाटतं, कुणी जड कपाट सरकवतंय.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मी चकल्या नेल्या होत्या. दुपारी कँटीनमध्ये गेले तर टेबलावरची माणसं एकेक करून उठली. चकल्यांना कुणी हात लावला नाही. परतले तर माझ्या गमबुटांत माशांचं पाणी ओतलेलं. हेर गेन्सहाइमर तिथेच चाकू पुसत होते. त्यांनी ओतलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, ओतणाऱ्याला अडवलं नक्कीच नसेल.

पण लिहायचं ते वेगळंच. चार वाजता खोपटीच्या फटीतून पाहिलं. ते यर्माकच्या दारापाशी गुडघ्यावर बसले होते, हातात कापड गुंडाळलेला हातोडा. खिटी भोकातून दोन बोटं वर आलेली. मी बाहेर आले तसा त्यांनी हातोडा कोटात लपवला. पलीकडून यर्माक दाराच्या फटीशी नाक लावून मोठ्याने श्वास घेत होता.

मोकळा सुटलेला नर पिल्लं मारतो. पिल्लं नकोत म्हणणारा माणूस नराच्या दाराची खिटी का काढेल, हे उघड आहे.

सोमवार, १५ नोव्हेंबर

फ्राऊ लोरेन्त्सना सगळं सांगितलं. त्यांनी ते लेखी मागितलं. काकू म्हणाल्या, अगं, जरा थांब, माणसाला एकदा विचार तरी. मी म्हटलं, विचारायचं कोणत्या भाषेत?

दिलं लिहून.

बुधवार, १७ नोव्हेंबर

हेर गेन्सहाइमरना घरी बसवलं. चाव्या माझ्याकडे आल्या. जाताना ते माझ्यासमोर उभे राहिले आणि बरंच बोलले, सावकाश, बोटांनी मोजत. तीन. तीनदा म्हणाले, तीन. मला वाटलं धमकी आहे. मी मागे सरकले. मग ते थुंकले आणि गेले.

आता कुणी गुटेन मॉर्गनही म्हणत नाही. सकाळी माझ्या हुकवर दुसऱ्याचा कोट असतो. माझा खाली, ओल्या फरशीवर.

रविवार, ५ डिसेंबर

११.५० वाजता झाली. दोन. आधी बारीक किंकाळ्या, मग चाटण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मी हेडफोन कानाला दाबून बसले. खाल्ली असणार. आणि मग गुणगुण सुरू झाली. दूध पिताना पिल्लं गुणगुणतात, पुस्तकात वाचलं होतं. लांबवर पिठाची गिरणी चालावी तसा आवाज. मी रडले.

हेडफोन काढला तर बोळात खडखड चालू होती. यर्माक दार हलवत होता. मी उठून पाहिलं. तो ओरडत नव्हता, चिडलेलाही नव्हता. दोन्ही पंजे टेकून ढकलायचा, सोडायचा. ढकलायचा, सोडायचा.

त्यालाही गुणगुण ऐकू येते, हेडफोनशिवाय.

रविवार, १२ डिसेंबर

आज सुट्टी. जेवताना मी हेर गेन्सहाइमरची नक्कल केली, डेअर शाफ्ट, डेन गान्त्से डाख शाफ्ट डेअर. कुहू, काकूंची नऊ वर्षांची मुलगी, एरवी माझ्याशी बोलत नाही. मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. ती म्हणाली की मी चुकीचं समजले. तिच्या वर्गातली फाल्झी मुलंही असंच बोलतात. इथे शाफ्ट म्हणजे जमवतो नव्हे, काम करतो. माझा बाबा कंपनीत शाफ्ट, असं म्हणतात.

तो काम करतोय. डेन गान्त्से डाख, दिवसभर तो काम करतोय.



सोमवार, १३ डिसेंबर

खिटी दीड बोट वर होती.

मी हात लावला नव्हता. माझ्या सुट्टीत चावी बदली रखवालदाराकडे असते, पण तो मासे बाहेरूनच टाकतो. तासभर बोळात उभी राहून पाहिलं. प्रत्येक धक्क्याला खिटी केसभर उचलते. धक्का सुटला की खाली बसत नाही, कारण भोक झिजून एका बाजूला पसरलंय. खोली धुवून दार लावताना ती रोज पुन्हा खाली जायची, म्हणून आधी कळलं नाही.

ते खिटी काढत नव्हते. ठोकून खाली बसवत होते. आल्माला आवाज जाऊ नये म्हणून हातोड्याला कापड.

तीन म्हणजे दिवसातून तीनदा.

मंगळवार, १४ डिसेंबर

फ्राऊ लोरेन्त्स म्हणाल्या, दार खराब आहे हे त्यांना ऑगस्टपासून माहीत आहे. गेन्सहाइमरने दोनदा अर्ज दिला होता. वेल्डिंगचा आवाज आल्माला चालणार नाही, म्हणून पुढे ढकललं. आता तर मुळीच नाही, पिल्लं नऊ दिवसांची आहेत. मी विचारलं, मग नोव्हेंबरात मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुम्ही तक्रार केलीत, मी त्यावर कारवाई केली. तुम्हाला आणखी काय हवं?

दहा, दोन आणि चार वाजता ठोकते. माझ्या दोन घावांना त्याचा एक धक्का भारी पडतो.

सोमवार, २० डिसेंबर

हेर गेन्सहाइमरच्या घरी गेले. बायकोने दार साखळीइतकंच उघडलं. ते आत होते, टीव्ही चालू होता. मी माफी मागितली. आतून ते म्हणाले, या वेळी मला कळेल अशा स्वच्छ जर्मनमध्ये, ‘तुला सांगितलं होतं. तू लिहून दिलंस.’

यायची विनंती केली. ते म्हणाले की झूच्या फाटकात पाऊल ठेवायला त्यांना लेखी मनाई आहे. तुझ्या सहीच्या कागदावरून. बायकोने दार लावलं.

बुधवार, २२ डिसेंबर

खिटी वाकली. आता पुरती आत जातच नाही. अर्धीच बसते.

फ्राऊ लोरेन्त्स सुट्टीवर. त्यांच्या ऑफिसने लिहून घेतलं. सोमवारी माणूस येईल.

यर्माक आज खायला आला नाही. मासे तसेच पडून. काम करतोय.

शुक्रवार, २४ डिसेंबर

९.१० — हायलिगआबेंड, नाताळची आदली संध्याकाळ. आज कुणालाच ड्यूटी नको होती. मी एकटी आहे. एक वाजता झू बंद होईल. काकूंनी पाचला जेवायला बोलावलंय.

१२.४० — सगळे गेले. बदली रखवालदाराला म्हटलं होतं, दोनपर्यंत थांब. तो म्हणाला, गेन्सहाइमरला थांबव. पहारेकरी सहाला येणार.

२.०० — ठोकली. अर्धं बोट आत. दाराला लाकडी ओंडका लावला. पिल्लं गुणगुणतायत. दोन्ही.

२.३५ — ओंडका सरकला. फरशी ओली आहे. पुन्हा लावला. फटीतून त्याचा एक डोळा. माझ्याकडे पाहत नाही. माझ्यामागे पाहतो, आल्माच्या दाराकडे.

२.५० — जायला हवं. आत्ताच, स्वयंपाकघरातून फोन. पण त्याच्या दारासमोरून—

२.५२ — धक्के थांबले.

२.५५ — रुळाचा आवाज. चाकं. सावकाश. दार सरकतंय. मी खोपटीत. आतून कडी लावली. लाकडाची कडी.

३.०१ — तो बोळात आहे. नखं. फरशीवर नखं वाजतायत. स्वयंपाकघराकडे गेला नाही. इकडे. खोपटीवरून गेला. फळ्या हलल्या. थांबला नाही. त्याला मी नकोय.

मी आवाज करू शकत नाही. लिहू शकते.

३.०४ — आल्माच्या दाराशी. ढकलतो, सोडतो. तिचं दार लाकडी आहे, आवाज नको म्हणून. ती गुरगुरत नाही. हेडफोनमध्ये तिचा श्वास नाही. धरलाय. पिल्लं पितायत. त्यांना काय कळतं.

३.०९ — फळी तडकली. तिची.

आता स्वयंपाकघरापर्यंत पळता येईल. तो पाठमोरा आहे. पंधरा पावलं. पळाले तर मी वाचेन. मदत यायला अर्धा तास. दार तेवढं टिकणार नाही.

त्याचं दार माझ्या सहीने—

३.१२ — रेकॉर्डरला स्पीकर जोडला. पाच तारखेची टेप. पहिली गुणगुण. आवाज पूर्ण. लावली.

३.१३ — ढकलणं थांबलं.

३.१४ — नखं. इकडे येतोय.

३.२० — दाराबाहेर आहे. पाय पसरून बसलाय. नाक खालच्या फटीत. गरम वाफ, माशांचा वास. ढकलत नाही. ऐकतोय. जोवर टेप चालू, तोवर ऐकतो.

आल्माने श्वास सोडला. ऐकला मी.

३.४१ — एक पंजा फळीवर. नुसता ठेवलाय. कडीचे स्क्रू दिसायला लागले.

३.५० — टेपची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. संपायला सात उरली. उलटवायला हवी. रेकॉर्डर दारालगत. हात तिथे न्यायचा, त्याच्या नाकाशी. नाही उलटवली तर तो परत तिकडे वळेल.

काकू पाचला वाट पाहतील—

३.५७ — संपली. तो उठला. तिकडे मान— पिल्लं अजून गुणगुणतायत, इथपर्यंत येतं. मी हात पुढे करते. टेप काढली. उलटी— त्याने इकडे पाहिलं, फळी