अट कुठे लागली

मंगळवार. सकाळी विद्यापीठात एका तासाला बसले, मेट्रोने के. आर. पुरमला कॉलेजात येऊन दुपारचे तास घेतले. आता घरी आहे.

बाई, विद्यापीठात मी विद्यार्थिनी म्हणून बसते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. पीएचडी नसेल तर पुढच्या वर्षी कॉलेज मला ठेवणार नाही. पीएचडीसाठी बीजगणिताचा कोर्स करावाच लागतो आणि त्याला हजेरी लागते. हाच विषय मी इतकी वर्षं एमएस्सीला शिकवते आहे, असं तिथल्या विभागप्रमुखांना सांगून पाहिलं. "शिकवणं वेगळं मॅडम, कोर्स वेगळा," ते म्हणाले. कोर्स असतो सकाळी, कॉलेजातल्या माझ्या तासांच्याच वेळेला. आमचे प्राचार्य हसले. "स्वतःच्याच विषयाला विद्यार्थिनी? हजेरी मीच लिहून देतो की. पण सकाळचे तास सोडता येणार नाहीत." आजवर एका मैत्रिणीने ते तास सांभाळले. उद्यापासून तिला जमणार नाही.

कोर्स शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी आहे. आज तासाआधी जिन्यात थांबून तो कन्नडात हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही येऊ नका. हजेरीचं मी बघतो. तुम्हाला मी काय शिकवणार?" तासानंतर सांगते म्हटलं, पण मनात होकार ठरवूनच वर्गात बसले. सुटलेच होते म्हणा ना. त्याने फळ्यावर सिद्धता पुरी केली, खडू ठेवला आणि विचारलं, "चढती साखळी कुठेतरी थांबते, अशी अट आपण सुरुवातीला घेतली होती. ती कुठे लागली?"

एकदम आठवलं ते चिकपेटमागचं तुमचं स्वयंपाकघर, मी तुमच्याकडे शिकायला यायचे तेव्हाचं. तुम्ही पोळ्या लाटता आहात, मी ओट्याला टेकून सिद्धता म्हणते आहे. मी संपवते. तुमचं लाटणं थांबत नाही. "स्वल्प थांब. अट कुठे लागली?" मला सापडत नाही. "मग तुझी सिद्धता तरी चुकली, नाहीतर अट तरी फुकटची. कुठलं ते शोध. तोवर पोळी मिळायची नाही." आणि बोलता बोलता तव्यावरची पोळी माझ्याच ताटात टाकायचात.

तुमचा हा प्रश्न त्या विद्यार्थ्यापर्यंत माझ्याकडूनच गेला. मला तो विचारणारं मात्र तुम्ही गेल्यावर कुणी राहिलं नव्हतं. प्रश्न विचारून तो माझ्याकडे बघत होता. रोजच्या शिकवण्यातली गोष्ट, आणि मला उत्तर आलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने ते दिलं.

तास संपल्यावर मी त्याला म्हटलं, "हजेरी लावू नकोस. मी येईन."

"आणि कॉलेज?"

"बघते."

बघण्यासारखं काही नाही. उद्या सकाळी एकाच वेळी मला दोन वर्गांत असायला हवं. एकीकडे गेले नाही तर नोकरी जाईल, दुसरीकडे गेले नाही तर पदवी, आणि पदवी गेली की पुन्हा नोकरीच. प्राचार्यांना अजून काही कळवलेलं नाही. फोन समोर आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतं. उत्तर आलं नाही तेव्हा लाज वाटायला हवी होती. बाई, मला बरं वाटलं.

कणीक भिजवून ठेवली आहे. दोनच पोळ्या लाटायच्या आहेत. तवा तापत ठेवते आणि ती सिद्धता पहिल्या ओळीपासून म्हणून बघते.