मोठ्या पानाचं सोनं

१४ सप्टेंबर २०२५, सकाळी ७
आपटा कमी होत चालला म्हणून जिल्ह्यात लोकांकडूनच झाडं मोजून घेऊन राह्यले. मोजणीच्या ॲपवर नाव दिलं. ट्रेनिंगला गेलो नाही. एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, साठ दसरे पाहिले. आपटा मला कोण शिकवणार? गावात किमान पन्नास काढतो.

१६ सप्टेंबर
घरातूनच खोडा. बायको चंदा म्हणाली, न्हाणीमागचा बी आपटाच हाय, आदी तो मोजा. त्याची पानं जेमतेम दोन बोटं. आपट्याचं पान तळहाताएवढं पाहिजे. तो वाकडा खुंट दसऱ्याआधी तोडून स्कूटीची शेड टाकणार. निर्णय पक्का.

२१ सप्टेंबर
एका दिवसात तेवीस. सगळे शाळेच्या कंपाउंडला, रांगेत. ॲपवरच्या फोटोत झाडाशेजारी माणूस लागतो, उंची कळावी म्हणून. शेजारच्या चंपतला उन्हात उभा केला. मी स्वतः उभा राहिलो नाही. मोजणाऱ्याने मोजावं.

३० सप्टेंबर
कुऱ्हाड सापडत नाही. चंदा म्हणे, मले काय माहीत, तुमीच कुठी मोजून ठेवली असन. शेड दसऱ्यानंतर.

२ ऑक्टोबर, दसरा
माझ्या झाडांचं सोनं गल्लीभर वाटलं. गोजराबाईंनी पान उलटसुलट पाहिलं, म्हणाल्या, औंदा सोनं लय मोठं झालं बाप्पा. कामाची कदर आहे लोकांना.

८ ऑक्टोबर
नऊ झाडांना गुलाबी फुलं. चंपत म्हणतो, काका, हा कांचन हाय. ॲपवर नाव कोणाचं, त्याचं की माझं? आपटाच आहे. नवी जात. तिला माझं नाव द्यावं, असं कळवून टाकलं.

११ ऑक्टोबर
उद्या वाशीमहून मोजणीवाल्या शुभांगी मॅडम तपासायला येणार. नव्या जातीसाठीच. शर्टला इस्त्री केली. कुऱ्हाड पिठाच्या डब्यामागे सापडली. आधी सत्कार, मग शेड.

१२ ऑक्टोबर, दुपारी १
तेवीसच्या तेवीस कांचन, म्हणे. आपट्याचं पान लहान नि जाड असतं, म्हणे. मी हरलो नाही, मॅडम ऐकायला थांबल्या नाहीत. हात धुवायला न्हाणीमागे गेल्या अन् तिथंच खिळल्या. गावातला एकमेव आपटा. चंदाच्या नावावर नोंद, खोडाला नंबर. कुऱ्हाड मॅडमनीच उचलून चंदाच्या हाती दिली. मी मानत नाही. वर तक्रार करणार.

सायंकाळी ६
ॲप उघडलं. फोटोत आपटा, शेजारी इस्त्रीच्या शर्टात मी. खाली लिहिलंय: स्वयंसेवक चंदाबाई. उंची कळावी म्हणून बाजूला माणूस उभा केला आहे.