चौथा दोर

मंगळवार, चौदा तारीख
सकाळचे नऊ

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट फोडल्या फोडल्या म्हणशील, अक्षर हे असं कोंबडीच्या पायांचं का? कागद नीट धरता येत नाहीये, एवढंच. बाळ बसायला लागलं का? इथे नदीकाठी शूटिंग दोन महिने लांबलंय. बूट ओले, अंथरूण ओलं, काडेपेटीसुद्धा ओली.

मागच्या पत्रात 'भावोजी मजेत आहेत' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

माझं काम तुला माहीतच आहे. काल नटाच्या कोणत्या गुडघ्याला चिखल होता, तराफ्यावर भाले किती होते, ते वहीत लिहायचं, म्हणजे आज तसंच दिसतं. चूक पकडली की मला कोण आनंद होतो! तुझी वेणी वाकडी असली तर शाळेच्या फाटकापर्यंत ओरडत यायचे, तशीच अजून आहे मी.

सिनेमा एका सरदाराचा. कुठेच नसलेलं राज्य शोधायला तो जंगलात शिरतो आणि एकेक माणूस घालवून बसतो. आता आमच्या दिग्दर्शक साहेबांत आणि त्याच्यात फरक उरलेला नाही. काम थांबवा, अशी निर्मात्याची तार आली. साहेबांनी ती माझ्यासमोर वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "राजाचा निरोप आलाय. पुढे जा म्हणतो." मी हसले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटते, ताई.

घरी बसून रंधा गंजवण्यापेक्षा भावोजींना तराफे बांधायला पाठव, असं मीच तुझ्या गळी उतरवलं होतं. दहा दिवसांपूर्वी पाणी वाढलं म्हणून त्यांनी तराफ्याला आपणहून चौथा दोर बांधला. मी वही उघडून सगळ्यांदेखत म्हणाले, "काल तीनच होते."

साहेब म्हणाले, "सोडा चौथा."

तराफा खडकावर आदळला. भावोजींचा डावा हात दोन ओंडक्यांत सापडला. दोन बोटं गेली, ताई. हे वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. "तुझी वही बरोबरच होती गं," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

साहेबांना मात्र त्यांच्या हातावरची ती पट्टी आवडली. भावोजींना शिपायाचे कपडे चढवून त्यांनी पट्टीसकट जवळून चित्रण केलं. झालं! आता तोच शिपाई शेवटपर्यंत हवा. आज दुपारी शेवटचं दृश्य आहे. बाकी सगळे मेलेत, हा एकटा उरलाय आणि तराफा खळाळात जातोय. एकही दोर न बांधता. मी म्हटलं, पुतळा बसवू. साहेबांनी माझीच वही माझ्यापुढे धरली. "इथे जिवंत माणूस लिहिलाय." कॅमेरामन खाली मान घालून भिंग पुसत राहिले.

रसदीची होडी आठवड्यातून एकदा येते. आत्ता काठाला लागलीय. भावोजींना सांगितलंय की साहेबांनी तुम्हाला दवाखान्यासाठी सोडलंय, आणि जाताना हे पत्र ताईच्याच हाती द्या, पोस्टावर माझा भरवसा नाही. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मी कधी चुकीची नोंद करते का!

शिपाई पाठमोरा दिसणार आहे. अंगात चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, माणूस लांबवर. काठावरून कोणाला काय कळणार? पट्टी डाव्या हाताला, चार वेढे, गाठ आतल्या बाजूला. वही समोर ठेवून मीच बांधली. म्हणून कागद धरता येत नाहीये.

तू मला पोहायला शिकवायला नेलं होतंस आणि मी विहिरीच्या पायरीवरूनच पळाले होते, आठवतं? तेव्हा ऐकायला हवं होतं तुझं. मला फार भीती वाटतेय, ताई. फार. पण त्यांना दुसऱ्यांदा त्या तराफ्यावर बसलेलं मी काठावरून बघू शकत नाही.

होडीवाला हाका मारतोय. भावोजींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना आधी पोटभर जेवू घाल, मग सांग.

गाठ तीनदा तपासली. चूक नाही.

तुझ्या चुका काढणारी,
धाकटी